बेगमी

हॅमिशने कागद टेबलावर पसरला
आणि पंख्याने उडू नये म्हणून
वर माझीच मिठाची बरणी ठेवली.
नऊ वर्षांत पैसे वसूल, म्हणाला.
हमी दहा वर्षांची.
मी त्र्याहत्तरचा.
माझी हमी कुणी लिहून दिलेली नाही.

छपरावर अठरा तावदानं आहेत,
नुंझियाने हट्टाने बसवून घेतलेली.
दुपारभर माझं ऊन तारेवरून कंपनीकडे जातं,
युनिटला चार सेंट.
दिवे लागायच्या वेळी कंपनी ते मलाच विकते,
बेचाळीसला.
माझा बाप पोर्ट पिरीच्या धक्क्यावर अशीच मासळी द्यायचा:
पहाटे दलालाला, टोपलीच्या भावाने,
आणि संध्याकाळी आई दुकानातून आणायची
त्यातलीच दोन, बर्फ लावलेली.
बाप हसायचा.
आई हसायची नाही.

बॅटरी म्हटलं की मला शिसं आठवतं.
एकतीस वर्षं भट्टीवर काढली,
दर महिन्याला रक्त तपासायचे
आणि रक्तातल्या शिशाचा आकडा
पगाराच्या पाकिटासारखा हातात द्यायचे.
हिच्यात शिशाचा कणही नाही, हॅमिश सांगतो.
पांढरी, भिंतीला टांगायची,
आवाज म्हणून नाही.
तापते का, मी विचारतो.
थोडी, तो म्हणतो, आणि पाणी पितो.

मागच्या शेडमध्ये फळ्यांवर
टोमॅटोच्या रसाच्या एकशे चाळीस बाटल्या आहेत.
फेब्रुवारीत पिंपात उकळून,
जुन्या घोंगड्यांत रात्रभर निजवलेल्या.
नुंझिया गेली तरी मी तितक्याच भरतो,
कमी किती करायच्या ते तिला ठाऊक होतं, मला नाही.
जुलैत एखादी उघडली
की स्वयंपाकघरभर फेब्रुवारी सांडतो.
तेव्हा बेगमी मला कुणी शिकवायला नको.
पण त्या बाटल्यांना हप्ता नव्हता
आणि त्या एकट्याने भरायच्या नसत,
अख्खी गल्ली हात लाल करून बसायची.

ज्या वर्षी वाऱ्याने तारा पाडल्या,
त्या रात्री अठराही तावदानं आंधळी झाली.
बाहेरची तार मेली की यांनीही मरायचं,
तसा नियमच आहे, हे तेव्हा कळलं.
सकाळी लख्ख ऊन,
आणि घरात कॉफीपुरती वीज नाही.
फ्रीजर ठिबकायला लागला
तशी नुंझियाने सगळे गारफिश बाहेर काढले,
अंगणात कोळसे फुलवले,
कुंपणावरून हाका मारल्या.
सगळे आले. एक केयली आली नाही,
समोरच्या भाड्याच्या घरातली.
ती गाडीत बसली होती, इंजिन चालू ठेवून,
मागच्या सीटवर पोराच्या तोंडाला
वाफेचं यंत्र धरून.
पेट्रोलचा काटा बघत होती.
नुंझियाने काचेवर टकटक केली
आणि ताट टपावर ठेवून परत आली.
त्या रात्री जेवली नाही.

केयली अजून तिथेच राहते.
छप्पर घरमालकाचं,
त्यामुळे तिच्या वाट्याचं ऊन नुसतं पत्रा तापवतं.

आता पुन्हा तारा पडल्या
तर माझ्या खिडकीत दिवा असेल.
गल्लीत एकटा तोच.
मी पडदा ओढून घेईन का?
झोप या प्रश्नाने उडते.
चार सेंट, बेचाळीस, नऊ वर्षं,
ते तर नुसतं गणित आहे,
चुकलं तरी बँकेचं चुकेल.

हॅमिशला म्हटलं, एक पॉइंट बाहेर हवा.
रस्त्याच्या अंगाला, फाटकाच्या खांबावर,
पावसाचं झाकण असलेला.
कुलूप नको.
तो म्हणाला, अर्जात तसा रकाना नाही.
पेनाचं टोक चावत बसला,
मग पान उलटून
मागची कोरी बाजू बघू लागला.

मी मिठाची बरणी उचलून घेतली.
पंखा चालूच होता.
त्याने कागदावर तळहात दाबून धरला.