एकोणचाळीस

लहामगे चंद्रकला, टोकन अठ्ठावीस.
नाव भिंतीवर आपटून परत आलं
तेव्हा कळलं, ते माझंच.

डॉक्टर तरुण. चष्म्याला दोरी.
"हात ठेवा," म्हणाले.
ठेवला टेबलावर,
ब्लाऊजपीस मोजून घ्यायला ठेवतात तसा.

उजवा हात.
अंबडच्या कारखान्यात पॉवर प्रेसनं
दोन बोटं ठेवून घेतली,
तिसऱ्याची वाकायची सवय मोडली,
मनगट मात्र परत दिलं. कच्चं.

माझ्या आधी पेठहून आलेला एक बाप होता,
पोरगा पाठीवर, पाय लोंबते.
पोराला पंच्याहत्तर मिळाले.
बापानं विचारलं, "साहेब, अजून वाढतील का?"
दहावीच्या निकालाला
माझ्या बापानं मास्तरांना विचारलं होतं,
त्याच आवाजात.

तेव्हा मला गणितात एकोणचाळीस.
पस्तिसाला पास, म्हणजे चार जास्तच,
बापानं सातपूरच्या गल्लीत पेढे वाटले होते,
पाव किलो, अर्धे अर्धे तोडून.

येताना निरगुडे वहिनींनी बजावलं होतं,
"ताठ धर गं हात. वाकवलास तर गेली पेन्शन."
मी मान डोलावली होती.
पिशवीत आधार, रेशनकार्डाची झेरॉक्स,
तहसीलचा उत्पन्नाचा दाखला,
चार फोटो, त्यातल्या एकात मी हसतेय
म्हणून खिडकीवरून परत आलेला.

डॉक्टरांनी कोनमापक काढलं.
अगदी कंपासपेटीतलं वाटावं असं.
म्हणाले, "वाकवा."

आता काय सांगू.
सात महिने,
आठवड्यातून तीनदा, फरहीन मॅडम समोर बसून
स्पंजचा चेंडू दाबायला लावायच्या.
ताटातले वाटाणे एकेक करून वाटीत.
आधी पाच, मग अकरा,
ज्या दिवशी वाटी भरली
त्या दिवशी त्या माझ्याआधी रडल्या.

आणि हा समोरचा माणूस म्हणतो, वाकवा.
हाताला कुठं ठाऊक कोण विचारतंय?
वाकला.
शहाण्या पोरासारखा,
जेवढा येत होता तेवढा सगळा.
मला, खरं सांगते, अभिमानच वाटला.

डॉक्टरांनी लिहिलं. बेरीज केली. परत केली.
"एकोणचाळीस," म्हणाले,
आणि चष्म्याच्या दोरीशी चाळा करत बसले.
"चाळीस लागतात."

एक टक्का म्हणजे किती असतं?
परकराच्या नाडीची गाठ?
भाकरी थापताना जी कड फाटते ती?
की रात्री दोन वाजता
नसलेल्या बोटांना खाज सुटते,
आणि खाजवायला जागा नसते, ते?
ते कुठल्या रकान्यात धरतात?
विचारलं नाही.
बाहेर एकोणतिसावा नंबर उभा राहिला होता,
काठी आधी, मग माणूस.

क्लार्क म्हणाला, अपील करता येतं, ताई.
अर्ज दोन नंबरच्या खिडकीवर,
जेवणाची सुट्टी झाल्यावर.
गोल्फ क्लबच्या बाजूला सावलीत बसून
मी डाव्या हातानं डबा उघडला.
उजव्यानं उघडता येतो.
पण कुणी बघत असेल तर?

तेवढ्यात फोन. फरहीन मॅडम.
"काय म्हणतंय मनगट? किती वाकलं आज?"

म्हटलं, छान वाकलं.
हवं होतं त्यापेक्षा
एक टक्का जास्तच.