बाकी

दुपारी दोनला वसुली बंद होते.
नईमा काउंटरची काच ओढून घेते
आणि मी आकडे चढवायला बसतो:
मासळी बाजारातले ओटे, एकशे बारा.
दुकानांच्या पाट्या.
भाड्याच्या घरांवर शेकडा पाच.
बंदरात बुडालेल्या एका होडीचा दंडही येतो दरमहा,
मालक वारला, मुलगा मुकाट भरतो.
शेवटचं बटण दाबलं
की अख्खं शहर एका ओळीत मावतं
आणि राजधानीला निघून जातं.

परत येतं तेव्हा ते शहर नसतं,
अनुदान असतं.

एकोणीस वर्षांपूर्वी या बलदियेत
पहिल्या दिवशी फाईल समोर आली.
हिशेब, तारीख, रक्कम, दफ्तर, तहसील, बाकी.
वाटलं, आमच्या गावच्या नगरपालिकेतलं कुणीतरी
आधीच येऊन सामान लावून गेलंय.
जकात तेवढी निराळी.
अब्बा जकात नाक्यावर होते,
रात्री टॉर्च घेऊन ट्रकवर चढायचे,
पोत्यांना सळई टोचायचे.
इथे जकात म्हणजे पुण्य.
फोनवर सांगितलं तर केवढे हसले.
मग म्हणाले, आमचा नाका उठवला तेव्हा
सरकार म्हणालं होतं, भरपाई देऊ.
पुढचं काही बोलले नाहीत.
पुढचं मला माहीत होतं,
सात महिने आमच्या घरी किराणा वहीवर आला.

यंदा वजारतीचं पत्र आलं.
तेल उतरलंय, तुमचा हिस्सा पाऊणच मिळेल.
उरलेला पाव यथावकाश.

बदर बिन खलफान यांनी ते दोनदा वाचलं.
त्यांचे आजोबा मोत्यांसाठी बुडी मारत.
नाखव्याचं कर्ज तेव्हा फिटत नसे,
बाप गेला की मुलाच्या कमरेला बांधलं जाई.
चष्मा पुसत म्हणाले, परकार, दिवे की झाडू?
किनाऱ्यावरचे दिवे,
नाहीतर रात्रपाळीची चाळीस माणसं.
आणि कागदावर ही निवड कुणाचीच दिसू नये.

मी राजधानीला फोन लावला.
आमची फाईल ज्याच्या टेबलावर अडलीय
तो मिरजेचा निघाला, शिराळकर.
अहो, वर सही नाही.
अहो, खाली अंधार होईल.
अर्धा तास भांडलो मराठीत,
तो त्याच्या सरकारकडून, मी माझ्या,
दोघांच्या इकाम्यांवर मुदत संपायची तारीख छापलेली.
भाऊबंदकी यांची आणि तारखांना आम्ही!
शेवटी जरा थांबून त्याने विचारलं,
तुमच्याकडे सुरमई ताजी मिळते का हो?
मी भाव सांगितला.
इथे सगळं बर्फातलं, म्हणाला.
फाईलबद्दल मग मीही बोललो नाही.

खातेवहीत नवी ओळ घातली:
वजारतीकडून येणे, बाकी.
याच भाषेत हे देवाचंही नाव आहे,
सगळं सरल्यावर जो उरतो तो.
क्षणभर पेन थांबलं.
मग रक्कम लिहिली, दशांशाच्या तीन घरांपर्यंत.

कालपासून किनाऱ्यावर दिवे नाहीत.
माणसं आहेत.
जेवून फिरायला गेलो तर दूरवर
चाळीस काजवे हलताना दिसले.
जवळ गेल्यावर कळलं,
सिल्हेटच्या मोस्ताकने मोबाइल कपाळाला बांधलाय,
त्याचं पाहून सगळ्यांनी.
उजेडाच्या गोलात खवले, करवंट्या, एक लहान मुलाची चप्पल.
त्याने मान वर केली
आणि माझे डोळे दिपले.
साहेब, दिवे कधी?
बुक्रा, मी म्हणालो. उद्या.
तो हसला. इथे आल्यावर
तो पहिल्यांदा हाच शब्द शिकला असणार.
चप्पल त्याने उचलून कठड्यावर ठेवली,
कुणी शोधत आलं तर दिसावी म्हणून,
अंधारात.