रेणू क्रमांक सदतीस

पाषाणच्या तळघरात आमचं काम रात्री अकरानंतरच होतं.
दिवसा सूस रस्त्यावरून सिमेंटचे मिक्सर जातात,
लिफ्ट खालीवर करते,
कुणी नुसतं दार लोटलं तरी आलेखावर काटा येतो.
आता एसी बंद. चपला दाराबाहेर.
हवेवर तरंगणारं टेबल,
आणि लेझरच्या चिमटीत धरलेला एक मणी,
इतका बारीक, की राई त्याच्यापुढे खरोखरच पर्वत.
त्या मण्याला जुंपलंय एकच प्रथिन.
आजच्या वहीतलं सदतिसावं.

याला दोन पाय असतात. हे चालतं.
दर पावलाला एक घास,
दर पाऊल आठ नॅनोमीटर, असं पुस्तकात आहे.
घास मी मोजकेच ठेवलेत, म्हणजे सावकाश चालेल
आणि मला दिसेल.
दिसतं ते असं:
तेरा पावलं नीट टाकून ते थबकतं,
एक पाऊल मागे येतं,
गॅस बंद केला का, हे आठवत
जिन्यात उभ्या राहिलेल्या बाईसारखं,
मग सलग पाच पावलं, जवळजवळ पळत.

कुणी ढकललं?
सगळ्यांनीच. पाण्यानं.
क्षणाक्षणाला चहूकडून कोट्यवधी धक्के,
कुणाचाच हेतू नाही, कुणाचं वैर नाही.
फिरदौस म्हणते, मागे येतं यात नवल कसलं,
एवढ्या मारात पुढे जातं ते बघ.

हर्डीकर सर म्हणतात, सरासरी घे.
हजार रेणू घे, रेष बघ कशी सुतासारखी येते.
खोटं नाही ते.
आईचा रक्तदाब मी रोज दोनदा लिहून ठेवते,
आणि रविवारी सरासरी काढूनच निर्धास्त झोपते.
बाबा खडकीच्या कारखान्यात तपासनीस होते.
शंभरातला एक नग उचलायचा, गेज लावायचा,
त्यावर उरलेल्या नव्व्याण्णवांचं नशीब.
मी विचारलं होतं, आणि नेमका तोच एक वाकडा असला तर?
दुसरा उचलायचा, म्हणाले.
पहिल्याचं काय करायचे, ते विचारायचं राहिलं.

दोन वाजून सतरा मिनिटांनी सदतीस थांबलं.
घास होते. तापमान बावीस. वाट मोकळी.
साखळीतला एकेक मणका छत्तिसाव्यासारखाच,
आणि छत्तिसावं तर शहाण्यासारखं चाललं होतं.
पाच सेकंद. नऊ. चौदा.
तेवढ्यात चहा विचारायला लोंढे मामा जिना उतरू लागले.
मी न वळताच हात वर केला.
ते होते तिथेच थांबले,
एक पाय पायरीवर, दुसरा अधांतरी,
कठड्याला धरून, थर्मास छातीशी.
पडद्यावर रेष नुसती थरथरत राहिली,
जागच्या जागी,
थंडीत उभ्या जनावराच्या कातडीसारखी.

एक्केचाळीस सेकंद.
मग बावीस पावलं, एका दमात,
आणि सुटलं.

मामांनी पाय खाली टेकवला.
गेलं का?
गेलं.
कुठं?
पाण्यात. आता नाही सापडायचं.
त्यांनी झाकणात चहा ओतला.
आमच्या फुरसुंगीला एक बैल होता, म्हणाले,
भर चासात उभा राहायचा असाच.
मारा, गोंजारा, चारा दाखवा. नाही म्हणजे नाही.
आणि मनात आलं की आपलाआप चालायचा.

मामा, याला मन नसतं.

बैलालाही नसतं म्हणायचे आमचे थोरले.

सरांचा प्रोग्राम ही ओळ सकाळी आपोआप गाळेल.
एक्केचाळीस फार लांब पडतं, कुठल्याच घंटेत बसत नाही.
म्हणून मी ती वहीत पेननं लिहिली,
वेळ, तापमान, पावलं मागची आणि पुढची,
आणि शेरा या रकान्यात: थांबलं होतं.
तेवढंच माहीत होतं.

चहात आलं जास्त झालं होतं.
मी अडतिसावं लावलं.