चिंचोक्यांचं मैदान

तात्या जकात नाक्यावर कारकून होते.
दिवसभर ट्रक मोजायचे, घरी आले की पैलवान.
जुन्या लग्नपत्रिकांच्या कोऱ्या पाठीवर
एकेकाचं कार्ड: वजन, दम, डाव, संताप.
नशिबाला रकाना नव्हता.
ते माझ्या मुठीत असायचं,
फोडलेल्या चिंचोक्यांची पाच अर्धुकं,
एका अंगाला पांढरी.

मी नऊ वर्षांची. तालमीच्या उंबऱ्याआत
पाऊल टाकायची मला बंदी,
पण ओट्यावरच्या त्या मैदानात
माझ्या हाताशिवाय कुस्ती सुटत नव्हती.
ढाक, मोळी, एकलंगी, घिस्सा,
परवचा म्हणावा तसे पाठ.

खासबागेत ज्यांच्या नावानं हलगी कडाडली
ते तात्यांना नको असायचे.
'त्यांचं बघायला लोक आहेत,' म्हणायचे.

त्यांना हवा दत्तू हुजरे.
जत्राजत्रांतून एकतीस कुस्त्या मारल्या,
बत्तिसावी खासबागेत हरला
आणि दुसऱ्या पहाटे गंगावेशीत
म्हशीखाली बसून धार काढायला लागला.
गिऱ्हाइकाला ग्लास देताना
मनगट अजून पकड घेतल्यासारखं वळायचं.

हवा इमाम मुल्लाणी.
त्याची जोड लाहोरच्या मल्लाशी ठरली,
पत्रकं छापली, तिकिटं खपली,
आणि मधेच देशाची वाटणी झाली.
लोक आपापले पैसे परत घेऊन गेले.
इमामनं खुराक थांबवला नाही,
पुढची दोन वर्षं
रोज शंभर बदाम, उधारीवर.
दर दसऱ्याला तात्या ती कुस्ती लावायचे.
कधी इमाम वर, कधी लाहोर.
बरोबरीत सुटली तर वही मिटून
'उद्या', एवढंच.

आणि बंडू चौगले, वडणग्याचा.
उतरला, माती कपाळाला लावली,
सलामी झाली, आणि पहिल्याच मिनिटात
घोटा असा मोडला
की आवाज वरच्या पायरीपर्यंत गेला.
पुढं साखर कारखान्याच्या फाटकावर रातपाळी.
एका मिनिटाच्या त्या माणसाचं कार्ड
तात्यांनी काठोकाठ भरलं होतं.
'एवढं कुठनं कळलं तुम्हाला?'
'उतरताना बघितला की त्याला.'

तात्यांची उजवी बाजू गेली
त्या साली वही माझ्याकडे आली.
ते डाव्या बोटानं नावं दाखवायचे.
एका संध्याकाळी: चौगले आणि लाहोर.
अठ्ठाविसावं मिनिट, चौगले मागं मागं,
त्याच्या मानेवर समोरच्याचा पंजा,
माझ्या पुढ्यात चार अर्धुकं काळी.
तात्यांना शब्द जुळेना,
'प... प...'
मी तांब्या उचलला. त्यांनी मान हलवली.
पाणी नको होतं.
पट. पट काढ म्हणत होते.

परवा सिलिंडर घेऊन एक पोरगा आला.
पावतीवर सही करताना
त्याच्या खिशावरचं नाव वाचलं.
'वडणग्याचे चौगले? बंडू पैलवान कोण तुझे?'
'आजा. पैलवान कुठला वो?
नुसता लंगडत हुता.'

मी वही काढली.
दोनशे बारा कुस्त्या, एकशे चाळीस चीत.
हुजरेवर सात, मुल्लाणीवर चार,
लाहोरवर एक, पट काढून.
त्यानं हातमोजा काढला, बोटं पँटला पुसली,
आणि ओठ हलवत वाचत राहिला, उभाच.

'ह्यातलं खरं काय?'

'पहिलं मिनिट,' मी म्हणाले.

खाली टेम्पोवाला हॉर्न वाजवत होता.
त्यानं पान उलटलं.