सत्तेचाळीस

नाव सुगतनं ठेवलं, मे महिन्यात,
पारा तिथं होता म्हणून.
लोकांना वाटलं, देशभक्ती.
गोधनीच्या एका शाळेनं पंधरा ऑगस्टला बोलावलं,
दुसऱ्या गाण्याला हेडमास्तरांनी मेन स्विच पाडला,
लाडू मात्र दिले.

इंदोऱ्यात, डोंगरे कूलर्सच्या मागची खोली.
भिंतींना वुडवूलच्या ताट्या ठोकलेल्या,
आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.
मार्च लागला की सुगतचे बाबा येत
आणि ताट्या उपसून नेत. धंद्याचे दिवस.
म्हणजे आम्ही भूमिगत होतो
फक्त दिवाळी ते होळी.
उन्हाळाभर अख्खी गल्ली ऐकायची,
आणि समोरच्या मावशी विचारायच्या,
"काऊन बे, तो करवतीसारखा वाजवणारा पोट्टा
येऊन नाही राहिला का आता?"

मेल्विन दुबईला गेला होता, पेडल माझ्याकडे ठेवून,
दोन महिन्यांत येतो म्हणाला होता.
पेडलची बॅटरी मी अजून बदलतो.
मग मोमिनपुऱ्याचा ताबिश. बोटं सोन्याची,
घड्याळ नाही.
उन्मेष गायचा म्हणजे ओरडायचा,
होणाऱ्या सासऱ्यांनी मोबाइलवर पाहिलं,
संपलं.
त्याच्या जागी ज्योत्स्ना उईके,
अजनीला पार्सल ऑफिसात क्लार्क.
पहिल्या दिवशी म्हणाली, माइक नको.
खरंच नको होता.
तिची बदली बिलासपूरला झाली
तेव्हा सगळे फलाटावर गेलो,
संत्र्याची बर्फी दिली, गाडी हलली,
कोणी काहीच म्हटलं नाही.

सुगत कुठंच गेला नाही.
बाबा वारले, तो पुढच्या दुकानात बसला.
मागं नवा ड्रमर घसरला
की पुढून पत्र्यावर हातोडी पडायची,
नेमकी समेवर.
पोट्ट्याला वाटायचं, धंदा चालू आहे.

मग माझा खांदा, लेकीची दहावी.
बास मी रेवणला दिला,
पट्ट्याला तापल्या खिळ्यानं पाडलेल्या
माझ्या भोकासकट.
तो उंच आहे. दुसरं भोक वापरतो.

आता त्यात आमचं कोणी नाही. नाव तेच.
काल कूलरचा पंप बंद पडला म्हणून गेलो,
सुगतनं स्टूल सरकवला.
भिंती उघड्या होत्या,
आत आमचंच जुनं गाणं, नको तितकं घाईत.
मधल्या तुकड्यात पोट्टा घसरला.
मी सुगतकडं पाहिलं.
हातोडी हातात होती. हात हलला नाही.
"सुधरते तो आपला आपला," म्हणाला,
आणि पंपाचं खोकं पुढं केलं,
"अडीचशे. तुले दोनशे."