वारा वीसच्या वर

वारा वीसच्या वर गेला की क्रेन बांधून ठेवतात.
मग आम्ही खाली, ग्दिनियाच्या धक्क्यावरच्या पत्र्याच्या खोलीत:
बीटचं सूप, हीटरवर ओले हातमोजे,
आणि तिमेकचा जुना संगणक, ज्याचा पंखा खोकतो.

पडद्यावर एक धावपटू. शंभर मीटर. चार बटणं,
दोन मांड्यांची, दोन पोटऱ्यांची.
मी म्हटलं, आण इकडे.
एकवीस वर्षं दोन दांड्यांवर
चाळीस टनांचे डबे अंड्यासारखे ठेवतेय मी.

पहिल्याच बटणाला तो मागे पडला.
उणे एक मीटर.
म्हणजे जिथून निघायचं त्याच्याही अलीकडे.
तिमेक हसला नाही, हे जास्त लागलं.

डावी मांडी, उजवी पोटरी,
की मांडी सोडून आधी पोटरी?
दीड मीटर. तीन. पुन्हा दीड.
वाऱ्याने पाडलेल्या कपड्यांच्या स्टँडसारखा
पाय फाकून पडून राहतो मेला.
बाकावर झोपलेला रिशार्द एक डोळा उघडून म्हणाला,
"बूट चावत असतील त्याला."

नोव्हेंबर उदार होता. आठवड्यातून तीनदा वादळ.
गुरुवारी, चुकून,
त्याचा एक गुडघा जमिनीला लागला
आणि तो पडला नाही.
मागचा पाय ढकलतोय, पुढचा गुडघा घासतोय,
टुक.
टुक.
गुडघे टेकले म्हणजे संपलं,
असं मी इतकी वर्षं धरून चालले होते.
पन्नासावर अडथळा आला.
तो नडगीत अडकला, तर अडथळ्यासकट पुढे.
अकरा मिनिटं. शंभर मीटर.

"याला धावणं म्हणत नाहीत," तिमेक म्हणाला.
"पोचला का नाही, ते सांग."

तेवढ्यात वॉकीटॉकी: वारा बारा. वर जा.

जिन्याला दोनशे आठ पायऱ्या.
सत्तराव्या पायरीवर मनात आलं,
आता कोणती मांडी?
आणि थांबलेच.
दोन्ही हात कठड्याला, खाली शिशाच्या रंगाचं बाल्टिक,
पाय माझेच, पण बटणं कुठे दिसेनात.
तिमेक खालून ओरडला, काय झालं?
काही नाही, म्हटलं,
आणि दूरच्या एका जहाजाचं नाव वाचत उभी राहिले,
पायांना वाटावं आपल्याकडे कुणी बघत नाहीये.

एकाहत्तर.