तेल उतरेपर्यंत

आयफेलच्या डोंगरात धुकं सकाळी गॅरेजच्या दारापर्यंत येतं
आणि हिल्डेगुंड त्याला आत घेत नाही.
"दमट हवा पान्यांना चढते," म्हणते,
शटर गुडघ्याइतकंच वर करते.
आम्ही वाकून आत.

आज थिलोची गाडी. पिवळी, बुटकी,
सत्तावीस हप्ते बाकी असलेली.
इंजिन बंद करतो आणि लगेच बॉनेटकडे धावतो.
"थांब. अजून वर आहे सगळं.
कॅमवर, भिंतींवर, नळ्यांत. उतरू दे."

दहा मिनिटं.
दहा मिनिटं काय करायचं असतं
हे थिलोला कुणी शिकवलेलं नाही.
टायरला लाथ, फोन, परत लाथ.
मी कॉफी ओतते.
ती फरशीवर एक गोटी ठेवून बघते.
गोटी हलत नाही.

मग डिपस्टिक ओढते, पुसते, घालते, पुन्हा ओढते,
उजेडात तिरपी धरते,
पोराचा ताप बघावा तशी.
खालच्या खुणेच्या जरा वर.
"चालेल. भाजी आणायला."

पण वरची ती लांब डावी वळणं!
पाच सेकंद, सहा सेकंद
गाडी दातांनी रस्ता धरून असते
तेव्हा तेल सगळं उजव्या भिंतीला जातं,
पंपाचं तोंड उघडं पडतं
आणि तो हवा पितो.
बेअरिंग लगेच ओरडत नाही.
आधी नुसता दाबाचा काटा
डुलकी लागलेल्या मानेसारखा
एकदा पडतो.

"मग भर ना काठोकाठ!" थिलो डबा उचलतो.
हिल्डेगुंड हसत नाही.
जास्त झालं की क्रँक त्यात बुडतो, घुसळतो,
रवी फिरावी तसा.
लोणी मात्र येत नाही. फेस येतो.
फेसावर वजन तोललं जात नाही.

कोपऱ्यात एक कनेक्टिंग रॉड टांगलाय,
वाकलेला, तापून निळा पडलेला.
कुणी विचारलं तर म्हणते, "एवाल्डचा."
भाऊ. आहे, कोब्लेंझला विमा विकतो.
त्या रविवारी त्यानं तेल बघितलं नव्हतं असं नाही.
बघितलं होतं, इंजिन बंद केल्या केल्या.
कमी दिसलं. लिटरभर ओतलं.
वर आणखी थोडं, मायेनं.

ती नरसाळं लावते.
पेलाभर. थांबते. पुसते. बघते.
अर्धा पेला.
डोळ्यांत तेल घालून बसलेली असते ती,
आणि ते तेल कुठल्या काठीवर मोजत नाहीत.
वरच्या खुणेला टेकलं, नखभर अलीकडे,
तशी झाकण फिरवते.

"दोन फेऱ्या मार. परत ये. थांब. मग बघू."
"किती थांबू?"

ती पुढच्या गाडीखाली गेलेली असते.
नुसते बूट दिसतात.
थिलो उपडा क्रेट ओढून बसतो,
फोन खिशात,
गाडी अजून सुरूही केलेली नाही.